धुराचा परतीचा रस्ता



दिवाळीत माझा बोरिवलीचा भाचा जुनी डिझेल गाडी घेऊन गावी आला. चढाला गाडी दम टाकी आणि मागे काळा धूर सोडी. "मामा, मिस्त्री म्हणतो, ईजीआरला पत्रा मारू, मग बघा कशी पळते!" मी बी-बियाण्यांचा माणूस, तरी म्हटले, थांब, आधी ते काय आहे ते पाहू.

हवेत सुमारे 78 टक्के नत्रवायू असतो. पिकाला तो तसाच घेता येत नाही, हे आपण जाणता. वीज कडाडते तेव्हा त्या उष्णतेने नत्र व प्राणवायू एकत्र येतात आणि पावसाबरोबर थोडे नत्र जमिनीला मिळते. इंजिनात जाळ फार तापला की तेच घडते. पण हे वायू शहराच्या हवेत साचतात. उन्हात त्यांच्यापासून ओझोन होतो, तो छातीला बाधतो आणि पिकांची पानेही करपवतो.

ईजीआर ही झडप जळून गेलेल्या धुराचा थोडा भाग पुन्हा इंजिनात सोडते. त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि वाफ जळत नाहीत, उष्णता मात्र शोषतात. चुलीत एखादे ओले लाकूड सारावे, तसा जाळ मंदावतो. काजळीही थोडी वाढतेच. जुन्या बऱ्याच गाड्यांत ही झडप व्हॅक्यूमवर चालणारा रबरी पडदा उघडतो. पूर्ण जोर लागतो तेव्हा ती मिटलेली हवी.

खोड तिथेच होती. बोरिवली ते अंधेरी रोज पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणारी गाडी! काजळी आणि ऑइलची वाफ मिळून डांबरासारखा थर बसला, झडप उघडीच अडकली. चढावर हवा कमी पडली की डिझेल अर्धवट जळणारच.

पत्रा मारला असता तर जोर आला असता, हे खरे. पीयूसीही मिळाली असती, कारण डिझेल गाडीच्या त्या तपासणीत धुराचा काळेपणा मोजतात, नत्राचे वायू नव्हेत. पण ते नियमबाह्य, आणि मागच्या रिक्षातल्या पोराने ते हुंगायचे!

आम्ही इंजिन थंड झाल्यावर झडप काढली, कार्बन क्लीनर व ब्रशने घासली (पडद्याला औषध लागू दिले नाही) आणि नवे गॅस्केट घातले. व्हॅक्यूमची नळी तडकली होती, तीही बदलली. मुंबईची वापरलेली गाडी घेणाऱ्यांनी या जोडात पत्रा दडवलेला नाही ना, हे जरूर पाहावे. 2023 पासूनच्या 50 अश्वशक्तीवरील पुष्कळ नव्या ट्रॅक्टरांतही हीच झडप असते.

भाचा परत जाताना घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढला. एअर फिल्टर मात्र अजून बदललेला नाही.