कारखान्याची किल्ली कुणाच्या हातात?

ऑगस्ट २०१७. सौदी अरेबियातला एक मोठा तेलशुद्धीकरण आणि पेट्रोकेमिकल प्रकल्प. शुक्रवारची संध्याकाळ, म्हणजे तिकडचा सुट्टीचा दिवस. प्रकल्पाचा काही भाग अचानक आपोआप बंद पडला. आग नाही, स्फोट नाही, कुणी जखमीही नाही. जून महिन्यात असंच एकदा घडलं होतं. तेव्हा यंत्राचा बिघाड समजून काम पुन्हा सुरू करण्यात आलं. या वेळी मात्र तपास करणाऱ्यांनी कॉम्प्युटर उघडून पाहिले आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. कुणीतरी परका माणूस इंटरनेटवरून आत शिरून थेट प्रकल्पाच्या सुरक्षा यंत्रणेपर्यंत पोहोचला होता. वृत्तपत्रांनी पुढे या प्रकल्पाचं नाव पेट्रो राबिघ असं दिलं, आणि त्या घातक प्रोग्रॅमला जग 'ट्रायटन' म्हणू लागलं.

ही बातमी आपल्याकडे फारशी चर्चिली गेली नाही. हॅकिंग म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर बँकेतून गेलेले पैसे, ओटीपी आणि बनावट फोन येतात. ते खरंच आहे, त्यात सामान्य माणूस रोज लुटला जातो. पण कारखाना, वीज आणि पाणी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटी हा वेगळा विषय आहे. तिथे पैसे नाही, माणसं जातात.

जीव वाचवणाऱ्या यंत्रावरच घाला

रसायनांच्या किंवा तेलाच्या कारखान्यात साधारण दोन यंत्रणा असतात. एक कारखाना चालवते. पंप सुरू कर, व्हॉल्व उघड, तापमान इतकं ठेव, अशी कामं ती करते. दुसरी फक्त पहारा देते. दाब वाढला, भट्टी हाताबाहेर गेली, विषारी वायू सुटण्याची वेळ आली, तर ती कुणाला न विचारता सगळं थांबवते. पहिली चुकली तर दुसरी वाचवते, असा हा हिशोब असतो.

सौदीच्या प्रकल्पात ही दुसरी यंत्रणा श्नायडर इलेक्ट्रिक या फ्रेंच कंपनीची 'ट्रायकॉन' होती. तिच्यात एकाऐवजी तीन प्रोसेसर एकच हिशोब करतात आणि एकमेकांची उत्तरं ताडून पाहतात. हल्लेखोरांनी याच यंत्राच्या जुन्या आवृत्तीतली, कंपनीलाही माहीत नसलेली एक त्रुटी शोधून काढली आणि 'ट्रायलॉग' या खऱ्या प्रोग्रॅमच्या वेशात आपला प्रोग्रॅम आत सोडला. जानेवारी २०१८ मध्ये श्नायडरने ही त्रुटी जाहीरपणे मान्य केली.

आता यातली सगळ्यात साधी गोष्ट पाहा. या यंत्राला खरीखुरी, हाताने फिरवायची किल्ली असते. ती 'रन'वर असेल तर आतला प्रोग्रॅम बदलता येत नाही. 'प्रोग्रॅम'वर असेल तर बदलता येतो. काम झालं की किल्ली परत 'रन'वर आणायची, एवढाच नियम. त्या प्रकल्पात किल्ली 'प्रोग्रॅम'वरच राहिली होती. कोट्यवधींची यंत्रणा, तीन-तीन प्रोसेसर, आणि दार मात्र सताड उघडं!

मग अनर्थ टळला कसा? हल्लेखोरांच्याच चुकीमुळे. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये गडबड झाली, प्रोसेसरांची उत्तरं जुळेनात, आणि यंत्रणेने नियमाप्रमाणे प्रकल्प बंद केला. अमेरिकेच्या न्याय खात्याने मार्च २०२२ मध्ये उघड केलेल्या आरोपपत्रानुसार ही यंत्रणा गंधक वेगळं करणाऱ्या आणि भट्ट्यांवर लक्ष ठेवणाऱ्या विभागांशी जोडलेली होती. म्हणजे गोष्ट विषारी वायू आणि स्फोटापर्यंत जाऊ शकली असती. मॉस्कोतल्या एका सरकारी संशोधन संस्थेवर याचा ठपका ठेवून अमेरिकेने ऑक्टोबर २०२० मध्ये निर्बंध लादले. रशियाने आरोप फेटाळले.

आपल्या वाचकांना भोपाळ आठवत असेल. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यात टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी तोडून ठेवला होता. तिथे हॅकर नव्हता, खर्च वाचवणारं व्यवस्थापन होतं. पण धडा एकच आहे. पहारेकरी झोपला की झोपडपट्टीतला माणूस मरतो, बोर्डरूममधला नाही. भोपाळमध्ये पहारेकऱ्याला झोपवायला कारखान्याच्या आत असावं लागत होतं. आता ते काम हजारो मैलांवरून करता येतं, एवढाच फरक.

दोष नेमका कुठे आहे?

कंपनीने सॉफ्टवेअर दुरुस्त करून द्यावं आणि कारखान्याने ते टाकावं, एवढं सोपं हे असतं तर प्रश्नच नव्हता. मोबाईलचं अपडेट रात्री चार्जिंगला लावून होतं. कारखान्याचं तसं नसतं. रिफायनरी थांबवायची म्हणजे रोजचं मोठं नुकसान, म्हणून ती ठरलेल्या मोठ्या दुरुस्तीच्या वेळीच थांबते, आणि अशा दोन दुरुस्त्यांमध्ये कैक वर्षंही जातात. यंत्रं वीस-पंचवीस वर्षं चालतात. ती बसवणारे इंजिनिअर निवृत्त होतात, सॉफ्टवेअर तेच राहतं.

दुसरं कारण त्याहून खोल आहे. यातली बरीच यंत्रं मुळातच विश्वासावर बनलेली आहेत. 'मॉडबस' नावाची भाषा आजही जगभरच्या कारखान्यांत यंत्रं एकमेकांशी बोलायला वापरतात. ती १९७९ मधली आहे. तिच्यात "तू कोण?" हा प्रश्नच नाही. जो हुकूम देईल त्याचा हुकूम पाळायचा. तेव्हा ते ठीक होतं, कारण वायर कारखान्याच्या भिंतीबाहेर जात नव्हती. आज तीच वायर ऑफिसच्या नेटवर्कला, तिथून इंटरनेटला आणि तिथून साऱ्या जगाला जोडली गेली. जून २०२२ मध्ये फोरस्काउट या संस्थेच्या संशोधकांनी १० कंपन्यांच्या उपकरणांतल्या ५६ त्रुटी एकदम जाहीर केल्या. त्यांचं म्हणणं असं की यातल्या बहुतेक गोष्टी चुकून राहिलेल्या नाहीत, यंत्राची रचनाच तशी आहे. म्हणजे कुलूप खराब नाही, दाराला कडीच लावलेली नाही.

म्हणून फक्त ऑपरेटरच्या नावाने खडे फोडून भागणार नाही. किल्ली विसरणारा कामगार दोषी असेलही, पण असुरक्षित माल विकणारी कंपनी आणि देखभालीच्या खर्चावर कात्री लावणारा मालक त्याच्या आधी उभे आहेत.

पहिला दगड कुणी मारला?

आज अमेरिका आणि युरोप रशिया, चीन, इराणकडे बोट दाखवतात. त्यांचे बरेच आरोप खरे असतीलही. पण हा रस्ता दाखवला कुणी, हे विसरून चालणार नाही. जून २०१० मध्ये बेलारूसमधल्या एका लहान अँटिव्हायरस कंपनीला 'स्टक्सनेट' सापडला. विंडोजमधल्या चार अज्ञात त्रुटी वापरून तो पसरत होता, आणि त्याचं लक्ष्य होतं जर्मनीच्या सीमेन्स कंपनीचं औद्योगिक सॉफ्टवेअर. इराणच्या नतांझ इथल्या अणुकेंद्रातल्या सेंट्रिफ्यूजचा वेग तो गुपचूप बदलायचा आणि नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर मात्र आधी टिपून ठेवलेले "सर्व ठीक आहे"चे आकडे दाखवत राहायचा. सुमारे हजार सेंट्रिफ्यूज त्यामुळे निकामी झाल्याचा अंदाज आहे. २०१२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने यामागे अमेरिका आणि इस्रायल असल्याचं सविस्तर छापलं. दोन्ही सरकारांनी आजवर अधिकृत कबुली दिलेली नाही.

स्टक्सनेट इराणमध्येच थांबला नाही. लागण झालेल्या कॉम्प्युटरांत इराणखालोखाल इंडोनेशिया आणि भारताचा नंबर लागला. आपल्याकडे त्याने मोडतोड केली नाही, कारण त्याला फक्त ठरावीक यंत्रंच बिघडवायची होती. पण दुसऱ्याच्या घराला लावलेल्या आगीच्या ठिणग्या आपल्या छपरावर पडल्या, हे खरं. आणि ते हत्यार एकदा चव्हाट्यावर आलं म्हटल्यावर त्याचा अभ्यास सगळ्यांनीच केला. डिसेंबर २०१५ मध्ये युक्रेनमधल्या तीन वीज कंपन्यांवर हल्ला होऊन सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले.

राग एकावर, तहान दुसऱ्याची

नोव्हेंबर २०२३. गाझावर बॉम्ब पडत होते आणि जगभर संताप होता. त्याच महिन्याच्या २५ तारखेला अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या अलिक्विपा या गावाच्या पाणीपुरवठा यंत्रणेच्या पडद्यावर एक संदेश झळकला. 'सायबरअ‍ॅव्हेंजर्स' नावाच्या गटाने लिहिलं होतं की इस्रायलमध्ये बनलेलं प्रत्येक उपकरण आमचं लक्ष्य आहे. ते यंत्र युनिट्रॉनिक्स या इस्रायली कंपनीचं होतं. आत शिरण्यासाठी फार अक्कल लागली नाही. या यंत्रांचा कारखान्यातून येणारा पासवर्ड '११११' होता आणि अनेक ठिकाणी तो कुणी बदललेलाच नव्हता. हा गट इराणच्या रिव्होल्युशनरी गार्डशी संबंधित असल्याचं अमेरिकी यंत्रणांनी सांगितलं.

अलिक्विपात कर्मचाऱ्यांनी हाताने पंप चालवून वेळ निभावली. पण त्याच सुमारास आयर्लंडच्या मेयो परगण्यातल्या एका खेड्यातही हेच यंत्र बंद पाडलं गेलं आणि दीडशेहून अधिक घरं दोन दिवस पाण्यावाचून राहिली. आयर्लंड म्हणजे युरोपात पॅलेस्टिनच्या बाजूने उघड बोलणारा देश. मे २०२४ मध्ये त्याने पॅलेस्टिनला अधिकृत मान्यताही दिली. मग त्या खेड्यातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचं पाणी तोडून गाझातल्या एका तरी मुलाला घोटभर पाणी मिळालं का?

हा प्रश्न आपण स्वतःलाच विचारायला हवा. नतांझवरचा हल्ला चुकीचा असेल तर मेयोचा हल्लाही चुकीचा आहे. कर्ता कोण यावर आपला निकाल बदलत असेल, तर तो न्याय नाही, पक्षपात आहे. नागरिकांच्या जगण्यासाठी लागणारी पाण्याची साधनं नष्ट करू नयेत, असं १९७७ चा जिनिव्हा करारांचा पहिला पूरक करार सांगतो. पण अमेरिका, इस्रायल, इराण आणि भारत या चौघांनीही तो करार आजवर मंजूर केलेला नाही, हेही लक्षात घ्यावं.

महाराष्ट्राचं काय?

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई आणि परिसराची वीज गेली, लोकल थांबल्या, कोरोनाच्या काळात रुग्णालयं जनरेटरवर आली. पुढे फेब्रुवारी २०२१ च्या शेवटी अमेरिकेच्या रेकॉर्डेड फ्यूचर या कंपनीने चीनशी संबंधित गट भारताच्या वीज यंत्रणेत घुसत असल्याचा अहवाल दिला. मुंबईच्या अंधाराशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही, हेही त्याच अहवालात नमूद होतं. १ मार्चला तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबरच्या अहवालाचा हवाला देऊन घातपाताची शक्यता बोलून दाखवली. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले की तो सायबर हल्ला नव्हता, मानवी चूक होती. चीननेही आरोप नाकारला. राज्य एक म्हणतं, केंद्र दुसरं म्हणतं, आणि ज्याच्या घरात ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं त्याने कुणावर विश्वास ठेवायचा?

कुडनकुलमच्या बाबतीतही तेच. ऑक्टोबर २०१९ मध्ये आधी इन्कार झाला आणि दुसऱ्या दिवशी अणुऊर्जा महामंडळाने मान्य केलं की प्रशासकीय नेटवर्कवरच्या एका कॉम्प्युटरमध्ये मालवेअर सापडला होता. अणुभट्टी चालवणारं नेटवर्क वेगळं आणि सुरक्षित असल्याचं सांगण्यात आलं. ते खरं मानलं तरी आधीचा इन्कार कशासाठी?

कायदे आपल्याकडे आहेत. महत्त्वाच्या यंत्रणांच्या संरक्षणासाठी २०१४ पासून एनसीआयआयपीसी ही केंद्रीय संस्था आहे. २०२१ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने वीज क्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. २०२२ पासून सायबर घटना सहा तासांत सर्ट-इनला कळवणं बंधनकारक आहे. पण हे सगळं सरकार आणि कंपनीच्या दरम्यान. कारखान्याच्या कुंपणाला लागून राहणाऱ्या वस्तीला काही कळवायचं बंधन यात कुठेच नाही.

तारापूर, महाड, लोटे-परशुराम इथल्या रासायनिक पट्ट्यांत कुंपणाजवळ कोण राहतं हे सांगायला नको. आणि कोकणातली आपली माणसं तर पिढ्यान्‌पिढ्या आखातातल्या रिफायनऱ्यांत आणि प्रकल्पांत राबत आली आहेत. राबिघसारख्या ठिकाणी उद्या एखाद्या हल्लेखोराची चूक झाली नाही, तर त्याचा फोन चिपळूण, श्रीवर्धन आणि भिवंडीतल्या घरांतही वाजेल.

आपण काय करू शकतो?

सॉफ्टवेअर दुरुस्त करणं आपल्या हातात नाही. पण प्रश्न विचारणं आहे. नगरपालिकेच्या पाणीपुरवठा योजनेत कॉम्प्युटरवर चालणारे पंप बसले असतील, तर नगरसेवकाला विचारा : त्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलला का? बाहेरच्या ठेकेदाराला घरबसल्या आत शिरता येतं का? कॉम्प्युटर बंद पडला तर हाताने व्हॉल्व फिरवणारा माणूस पगारावर आहे का? युक्रेनमध्ये वीज काही तासांत परत आली, कारण जुने कर्मचारी गाड्या काढून सबस्टेशनवर गेले आणि त्यांनी हाताने स्विच ओढले. आपल्याकडे ऑटोमेशन आलं की आधी त्याच माणसांना घरी पाठवलं जातं.

कामगार संघटनांनीही हा विषय हेल्मेट आणि बुटांच्या बरोबरीने सुरक्षा समितीत मांडायला हवा. सायबर शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी बँका आणि अ‍ॅप्सच्या पलीकडे या क्षेत्राकडे पाहावं. इथे कोडिंगबरोबर मशीन समजणारी माणसं लागतात, म्हणजे आयटीआय आणि डिप्लोमावाल्यांनाही इथे जागा आहे.

सौदीतला तो प्रकल्प शत्रूच्या चुकीमुळे वाचला. शत्रू प्रत्येक वेळी चुकेल, या भरवशावर कुणाचाही मुलगा रात्रपाळीला पाठवता येत नाही. किल्ली फिरवायला दोन सेकंद लागतात. ती फिरवली की नाही, हे विचारणारं कुणीतरी हवं.