शेंडा खुडा, बॉस!

परवा लंचला एका सहकाऱ्यानं मोबाईलवर फोटो दाखवला. बाल्कनीतली शेवंती. काडीसारखी उंच, आणि टोकाला फुलं मोजून दोन. "खत कुठलं घालू रे?" म्हटलं, खत राहू दे. पुढच्या वर्षी वेळेवर शेंडा खुड!

हे मी नेटवर वाचून सांगत नाहीये. मी अकोळनेरचा. नगरजवळचं फुलांचं गाव. (जिल्हा २०२४ पासून अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच बसलंय.) आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये शेवंतीची लागण झाली, की साधारण चार आठवड्यांनी सगळं घर सरीत वाकलेलं. टोकाचा कोवळा भाग दोन बोटांत धरायचा आणि खुडायचा. बस्स.

सातवीत असताना मला हे काम फार क्रूर वाटायचं. एवढं तरारून आलेलं रोप, त्याचं डोकंच उडवायचं? एका अख्ख्या सरीचे शेंडे मी तसेच ठेवले आणि अण्णांना सांगितलं, झालं सगळं. दसऱ्याच्या तोंडावर पाऊस आला, तेव्हा बाकीची झुडपं गच्च उभी होती. माझी सरी उंच आणि बारीक, ती आडवी लोळली. वर्षाची फी त्या फुलांवर होती. अण्णांनी क्रेट भरले, सरीकडे एकदा बघितलं, माझ्याकडे एकदा बघितलं. बोलले काहीच नाहीत. ते जास्त लागलं, यार.

कारण पुढे बायोलॉजीत कळलं. शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते खाली उतरतं आणि पानांच्या बेचक्यातले डोळे दबून राहतात. शेंडा गेला की ते फुटतात. एका काडीच्या जागी चार-पाच फुटवे, आणि फुलं फुटव्यांवर. झेंडूलाही हीच युक्ती, तुळशीलाही. गांजाचं झाडसुद्धा असंच पसरट करतात म्हणे, पण तो नाद नको. १९८५ चा एनडीपीएस कायदा बाल्कनीलाही लागू आहे!

तर कुंडीवाल्यांनो, रोपाला पाच-सहा पानं नीट आली की टोक खुडा. ब्लेडबिड नको, नख पुरतं. फक्त उशीर करू नका. शेवंती रात्री मोठ्या व्हायला लागल्या की कळी धरते. गणपती येऊन गेल्यावर हौसेनं खुडायला बसाल, तर कळ्याच खुडाल.

आणि रात्री अंधार हवा. पुण्यातल्या माझ्या पहिल्या फ्लॅटच्या बाल्कनीत सोसायटीचा दिवा रात्रभर जळायचा. झुडूप मस्त डेरेदार, दिवाळी आली तरी कळी नाही. अण्णांना फोन केला. ते म्हणाले, "त्याला रात्रच होत नाही, तर फुलंल कधी?" कुंडी बेडरूमच्या अंधाऱ्या बाजूला नेली. काही आठवड्यांनी कळ्या दिसल्या.

अण्णांना आता वाकवत नाही. म्हणून मे संपताना शुक्रवारची रजा टाकून मी गावी जातो. ते बांधावर बसून असतात. माझं काम झालं, की काठी टेकत एकाच सरीत उतरतात आणि टोकापासून टोकापर्यंत बघून येतात.