हटवता येते, मग हलवता का येत नाही?

पावसाळ्यात पवनेचे पाणी चढू लागले की नदीकाठच्या वस्त्यांजवळून एक रिक्षा फिरते. तिच्यावर भोंगा असतो. धरणातून अमुक इतके क्युसेक पाणी सोडण्यात येत आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे. रिक्षा मोठ्या रस्त्यावरूनच पुढे जाते, कारण वस्तीच्या गल्लीत ती शिरतच नाही. वेळ बहुधा दिवसाची. त्या वेळी वस्तीतली बाई निगडी प्राधिकरणात चौथ्या घरची भांडी घासत असते, नवरा चाकणला कंत्राटी कामावर असतो आणि थोरला पोरगा डिलिव्हरीच्या गाडीवर. घरात उरतात म्हातारी सासू आणि दोन लहान पोरे. क्युसेक म्हणजे काय, हे त्या म्हातारीला कोणी कधी सांगितलेले नाही. आणि 'सुरक्षित स्थळ' नेमके कुठे आहे, हे भोंगाही सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येते : नदीकाठच्या नागरिकांना सतर्कतेचा इशारा. झाले! प्रशासनाचे काम संपले. आता बुडाला तर तुमचा दोष, कारण सांगूनही तुम्ही ऐकले नाही.

मित्रांनो, आमचा मुद्दा एवढाच आहे की इशारा देणे म्हणजे माणसे हलवणे नव्हे. माणसे हलवायला गाडी लागते, यादी लागते, जागा लागते, आणि परत येईपर्यंत घर जागेवर राहील याची हमी लागते. यातले काहीच नसताना नुसता भोंगा वाजवणे म्हणजे उद्याच्या चौकशीसाठी आजच कागद तयार करून ठेवणे.

२५ जुलै २०२४ ची रात्र आठवा. खडकवासला धरणातून मुठेत सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडले गेले. सिंहगड रोडच्या एकतानगरीत लोक जागे झाले तेव्हा पाणी पार्किंगमध्ये शिरले होते. आम्हाला कोणी कळवलेच नाही, असे रहिवासी टाहो फोडून सांगत होते. पाटबंधारे खाते आणि महापालिका एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. पुढे एका सहायक आयुक्ताचे निलंबन झाले. त्याच पहाटे डेक्कनच्या पुलाच्या वाडीत तीन तरुण विजेचा धक्का लागून गेले. ते पुरात पोहायला गेले नव्हते. अंडाभुर्जीची हातगाडी पाण्यातून बाहेर काढायला गेले होते. ज्याचे पोट हातगाडीवर आहे तो 'सुरक्षित स्थळी' जाताना हातगाडी मागे सोडून कसा जाईल? स्थलांतराच्या कोणत्या आराखड्यात हातगाडीला जागा आहे? शिलाई मशीनला, शेळीला आहे? उद्याच्या भाकरीचे साधन बुडते आहे हे दिसत असताना माणूस पाण्यात उतरणारच, आणि उतरला की त्याला बेजबाबदार ठरवायला आपण मोकळे.

त्या वर्षी पिंपरी-चिंचवडमध्ये काहीच झाले नाही, असे आम्ही म्हणत नाही. सांगवी, पिंपरी, दापोडी या भागांतल्या अनेक कुटुंबांना महापालिकेच्या शाळांमध्ये हलवले गेले. अग्निशमन दलाचे जवान कमरेएवढ्या पाण्यात उतरले, त्यांना आमचा जयभीम. पण कमरेएवढ्या पाण्यातून माणूस काढणे ही सुटका झाली. स्थलांतर त्याच्या आदल्या संध्याकाळी व्हायला हवे होते. पाऊस मावळात पडतो, धरण मावळात भरते, आणि दरवाजे उघडायचा निर्णय माणसे घेतात, आभाळ घेत नाही. चक्रीवादळ वाट बदलते हे आपण मान्य करू. पवना नदी मात्र दरवेळी त्याच घरांत शिरते. कोणती गल्ली आधी बुडते हे वस्तीतले शाळकरी पोरही सांगेल.

आता प्रशासनाच्या हातात ताकदच नाही, असे कोणी म्हणत असेल तर त्याला आंबिल ओढ्याची गोष्ट सांगा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला. आंबिल ओढा फुगला, अरण्येश्वरजवळच्या टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळली. त्या पावसाने शहर आणि परिसरात मिळून वीसहून अधिक माणसे नेली. तेव्हा त्या वस्तीत आदल्या संध्याकाळी एक बस आली नव्हती, एक अधिकारी आला नव्हता. पण २४ जून २०२१ रोजी याच ओढ्याकाठी, दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत, सकाळी सकाळी मोठा पोलीस बंदोबस्त आला, जेसीबी आले, महापालिकेचे अधिकारी आले. कोरोनाचा काळ, भर पावसाळा, आणि बायाबापड्यांना घरातून बाहेर ओढून घरे पाडायला सुरुवात झाली. कारण काय सांगितले? ओढा सरळ करायचा आहे, म्हणजे पूर येणार नाही. बिल्डरसाठी हे चालले आहे, असा रहिवाशांचा आरोप होता. त्याच दिवशी न्यायालयाने पाडकामाला स्थगिती दिली.

ओढा तोच, महापालिकाही तीच. माणसे वाचवायची होती तेव्हा यंत्रणा पोहोचली नाही, जमीन मोकळी करायची होती तेव्हा सूर्य वर यायच्या आत पोहोचली.

आपल्या शहरातले ताजे उदाहरण कुदळवाडीचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलीच्या कुदळवाडीत आठवडाभरात चार हजारांहून अधिक बांधकामांवर बुलडोझर फिरला. भंगाराची गोदामे, छोटे कारखाने, शेड. त्यातले काय कायदेशीर आणि काय बेकायदेशीर, हा वाद वेगळा आहे आणि तो आम्ही इथे काढत नाही. आम्ही फक्त यंत्रणा बघतो आहोत. आठशेहून अधिक एकरांचा पट्टा आठवड्यात रिकामा करणाऱ्या महापालिकेला नदीकाठच्या काही गल्ल्या एका संध्याकाळी रिकाम्या करता येत नाहीत, हे आम्हाला कोणी पटवून द्यावे. हटवण्यासाठी लागणारे सगळे या शहराकडे आहे : नकाशा, घरांची मोजणी, पोलीस, वाहने, हुकूम. हलवण्यासाठीही नेमके हेच लागते.

मे २०२५ मध्ये चिखलीतच इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले पाडले गेले. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. कारवाई न्यायालयाच्या आदेशाने झाली, नदी वाचली पाहिजे हेही खरे. पण ती रेषा कागदावर असताना तिथे प्लॉट पाडून विकणारा आणि तिकडे डोळेझाक करणारा, हे दोघे बुलडोझरच्या वाटेत कधीच का येत नाहीत? असो.

निगडीत राहणाऱ्यांना आणखी एक लाल रेषा माहीत आहे. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवती २००० यार्डांचा रेड झोन आहे. त्यात बांधकामाला बंदी. आणि झोपडपट्टीतल्या माणसांचे पुनर्वसन करण्यासाठी केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेतून इमारती कुठे उभ्या केल्या? निगडीच्या सेक्टर २२ मध्ये, त्याच रेड झोनमध्ये! प्रकरण न्यायालयात गेले, काम अडकले, आणि बांधून झालेल्या काही इमारती वर्षानुवर्षे रिकाम्या पडून राहिल्या. करोडो रुपये सिमेंटमध्ये गेले, ज्यांच्या नावाने गेले ती माणसे होती तिथेच राहिली. नदीकाठी राहिलात तर पुराची लाल रेषा, उचलून नेले तर दारूगोळ्याची. या दोन रेषांच्या बाहेरची जमीन कोणाकोणाला मिळाली, ते शोधायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही. प्राधिकरणातल्या बंगल्यांवरच्या पाट्या वाचत एक चक्कर मारा.

आता त्या नेहमीच्या वाक्याकडे येऊ : "लोकच घरे सोडायला तयार नसतात." हे वाक्य अधिकारी म्हणतात, पत्रकार छापतात, आणि आपल्यातले शिकलेसवरलेलेही मान डोलावतात. आम्ही पुराच्या रात्री नदीकाठच्या एका वस्तीत घरोघर फिरलो आहोत. चला म्हणून विनवणी केली आहे. एका मावशींनी दारातच उत्तर दिले, "बाळा, पाण्यानं घर भिजतं, पुन्हा वाळतं. पण कुलूप लावून गेले आणि सर्व्हेवाल्यानं बंद घर म्हणून लिहिलं, तर घरच जातं." त्यांच्या छातीशी प्लास्टिकच्या पिशवीत फोटोपास, रेशन कार्ड, वीजबिल आणि पोराचा जातीचा दाखला होता. पुनर्वसनाची पात्रता ज्या कागदावर ठरते तो कागद आणि ज्या दारावर ठरते ते दार, दोन्ही सोडून जा असे तुम्ही सांगता आणि वर त्या बाईला अडाणी ठरवता. ती आमच्यापेक्षा जास्त शहाणी होती. तिने धोक्याची तुलना करून निर्णय घेतला होता. नदीपेक्षा तिला सर्व्हेची भीती जास्त वाटत होती.

शेवटी जे आले त्यांना एका शाळेत नेले. सतरंज्या नव्हत्या. संडासाला कुलूप, चावी शिपायाकडे, शिपाई घरी. रात्री उशिरा खिचडी आली. पाळी आलेल्या पोरींनी ती रात्र कशी काढली हे इथे लिहीत नाही. सकाळी सहाच्या शिफ्टला जायचे म्हणून पुरुष पहाटेच बाहेर पडले, कारण चाकणच्या ठेकेदाराला पुराची रजा मान्य नसते, खाडा धरला जातो. पाणी ओसरल्यावर आणखी एक गंमत. त्या वस्तीत सफाई कामगारांची बरीच घरे आहेत. त्यांच्या स्वतःच्या घरात गुडघाभर चिखल, आणि त्यांना हुकूम आला की आधी सोसायट्यांपुढचा रस्ता साफ करा.

हे फक्त आपल्याच गावचे दुखणे नाही. ऑगस्ट २००५ मध्ये अमेरिकेत कतरिना चक्रीवादळ न्यू ऑर्लिन्सवर चालून आले. महापौरांनी शहर सोडण्याचा सक्तीचा आदेश काढला तो २८ तारखेला सकाळी, वादळ धडकले २९ ला सकाळी. ज्यांच्याकडे मोटार होती ते निघून गेले. ज्यांच्याकडे नव्हती, त्यांत मोठा भरणा गरीब कृष्णवर्णीयांचा, ते स्टेडियमच्या छपराखाली कोंबले गेले नाही तर घराच्या छपरावर चढून बसले. त्यांना नेता आले असते अशा शाळेच्या बसगाड्या डेपोत रांगेने उभ्या राहून पाण्याखाली गेल्या. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात! तिथेही म्हणणारे होते की लोकच निघाले नाहीत. आणि आपल्याकडे २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत दलित कुटुंबांना निवारा छावण्यांत आणि मदतवाटपात कसे बाजूला सारले गेले, ते मानवी हक्क संघटनांनी नोंदवून ठेवले आहे. लाट जात विचारत नाही, छावणीचा दरवाजा विचारतो.

मग दुसरी बाजूही बघा. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यातून त्या राज्याने धडा घेतला. किनाऱ्यावर निवारे बांधले, गावोगाव स्वयंसेवक तयार केले. मे २०१९ मध्ये फनी आले तेव्हा सुमारे बारा लाख लोक वादळाआधी हलवले गेले. ओडिशा काही महाराष्ट्रापेक्षा श्रीमंत नाही. आपल्या चळवळीने या ओडिशाचे आणखी एक नाते लक्षात ठेवावे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटकच्या परिषदेत तिथल्या नद्यांच्या पुराचा प्रश्न मांडला, दामोदर खोऱ्याच्या योजनेतही त्यांचा वाटा मोठा होता. पूर म्हणजे देवाची करणी नव्हे, तो राज्यकारभाराचा विषय आहे, या भूमिकेतून ते काम करत होते. आपण मात्र बाबासाहेबांना संविधानाच्या पुस्तकापुरते ठेवले, पाण्याच्या खात्यातले बाबासाहेब इंजिनिअर लोकांवर सोडून दिले.

चूक आपलीही आहे, तीही सांगतो. आपले कार्यकर्ते पूर ओसरल्यावर बिस्किटांचे पुडे घेऊन जातात, फोटो काढतात. १४ एप्रिलला पिंपरीच्या चौकात हजारोंच्या गर्दीची व्यवस्था लावणारी आपली पोरे आहेत. पाणी, मंडप, रुग्णवाहिका, स्वयंसेवकांच्या पाळ्या, सगळे जमते. तीच पोरे मे महिन्यात वस्तीत बसून यादी का करत नाहीत? कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेला माणूस आहे, कोण गरोदर आहे, कोण रात्रपाळीला असते, कोणाची हातगाडी कुठे लावता येईल. या यादीवर वस्तीचा सही-शिक्का घालून ती क्षेत्रीय कार्यालयात दाखल केली, तर उद्या आम्हाला माहीत नव्हते असे म्हणायची सोय राहत नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चे कलम ४१ स्थानिक संस्थेवर जबाबदारी टाकते. कलम १२ मध्ये निवारा, अन्न, पाणी, स्वच्छता यांच्या किमान दर्जाची गोष्ट आहे. कलम ५६ प्रमाणे कर्तव्य टाळणाऱ्या अधिकाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मदतीत लिंग, जात, समुदाय, वंश, धर्म यावरून भेदभाव करायचा नाही, असे कलम ६१ सांगते. २०२५ च्या दुरुस्तीने महापालिकांच्या शहरांसाठी वेगळ्या नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूदही केली आहे. जुलै २०२४ मध्ये या शहरात नगरसेवकच नव्हते, मार्च २०२२ पासून प्रशासक होते, म्हणून कोणाला विचारावे ही पंचाईत होती. पण अर्ज द्यायला नगरसेवक लागत नाही.

माहिती अधिकारात आम्ही हे विचारणार आहोत : पूररेषेतल्या वस्त्यांची घरनिहाय यादी आहे का आणि ती शेवटची कधी तपासली. प्रत्येक वस्तीसाठी ठरवलेली शाळा कोणती, तिच्यात संडास किती, चावी कोणाकडे. किती बस कोणत्या थांब्यावर किती वाजता उभ्या राहतील. धरणातून पाणी सोडण्याचा निरोप कोणाला येतो आणि तो वस्तीपर्यंत किती मिनिटांत पोहोचतो. पुराच्या दिवसांत बंद असलेले घर सर्व्हेत बंद धरले जाणार नाही, असा लेखी आदेश आहे का, नसेल तर कधी काढणार. पूरग्रस्त सफाई कामगाराला पगारी रजा आहे का.

अर्जाचा नमुना तयार आहे. प्रत्येक वस्तीतून किमान पाच जणांच्या नावाने वेगवेगळे अर्ज गेले पाहिजेत, एकाच संघटनेच्या लेटरहेडवर नको, नाहीतर एका उत्तरात सगळ्यांना गुंडाळतील. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे, म्हणून एप्रिल संपायच्या आत पोहोच घ्या. जून लागला की पुन्हा ती रिक्षा येईल.

जयभीम.