कुत्रा, पंचांग आणि समुद्रकिनारा

गेल्या महिन्यात एका वाचकभगिनीचे पत्र आले. घर मुंबईत, दादरच्या बाजूस; माणसे अकरा आणि बारावा कुत्रा. मुलांच्या परीक्षा आटोपल्या की चैत्रात सर्वांनी मिळून एक दिवस समुद्रकाठी काढावा असे ठरले, आणि कुत्र्यावरून घरात तट पडले. सासूबाईंच्या मते कुत्र्यास सहलीला नेणे हे निव्वळ थेर. थोरल्या दिरांच्या मते त्यास घरात कोंडून शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवावी. आणि मुलांनी तर 'तो नाही तर आम्हीही नाही' असा सत्याग्रहच आरंभिला आहे. मुंबईजवळ कुत्र्यांस मज्जाव नाही असा किनारा कोणता, आणि तेथे एका दिवसात जाऊन येता येईल काय, असे बाईंनी आम्हांस विचारले आहे.

मुलांच्या सत्याग्रहास आधार जुना आहे. सोबत आलेल्या कुत्र्यास टाकून रथात चढण्याचे धर्मराजाने नाकारले, ही महाप्रस्थानिक पर्वातील कथा घरोघर ठाऊक असते. आम्हांस मात्र आदिपर्वातील सरमेची कथा अधिक विचार करण्याजोगी वाटते. जनमेजयाचे सत्र चालू असता सरमेचे पोर तेथे आले. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावले नाही, त्याकडे पाहिलेही नाही. तरी राजाच्या भावांनी त्यास बडविले. सरमेने येऊन जाब विचारला तेव्हा त्या भरल्या सत्रात कोणापाशी उत्तर नव्हते. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या दोन्ही टोकांजवळ कुत्रा उभा आहे, ही गोष्ट सासूबाईंस सांगावी. पण वादात त्यांस निरुत्तर करण्याकरिता सांगू नये. त्यांची हरकत बहुधा फराळाच्या डब्याला लागणाऱ्या तोंडाबद्दल व सतरंजीवर उमटणाऱ्या पायांबद्दल असणार, आणि ती अगदी रास्त आहे. कुत्र्याचे पातेले, पाणी व बसावयाचे फडके निराळे ठेवावे आणि त्याची साखळी डब्यांपासून चार हात दूर बांधावी, म्हणजे निम्मा कलह जागच्या जागी मिटेल.

आता किनाऱ्याविषयी. काही परदेशांत अमुक हद्दीत, अमुक वेळी कुत्रे आणण्यास मोकळीक आहे असे फलक समुद्रकाठी लावलेले असतात. मुंबईच्या आसपास अशी नेमून दिलेली जागा आमच्या पाहण्यात नाही. 'तेथे कुत्रा चालतो' असे कोणी सांगितले तर त्याचा अर्थ इतकाच घ्यावा, की सांगणाऱ्यास त्या दिवशी कोणी हटकले नाही. न हटकणे म्हणजे संमती नव्हे. किनारा बेवारस दिसतो, पण तो तसा नसतो, हे आमच्या मध्यमवर्गीय सहलकरूंच्या लक्षात सहसा येत नाही.

वर्सोवा, मढ, उत्तन या कोळीवाड्यांचेच पाहा. पावसाळा सरला की तेथे बांबूंच्या मांडवांवर बोंबलांच्या रांगा टांगलेल्या असतात आणि खाली अंथरलेल्या जाळ्यांवर जवळा पसरलेला असतो. हे काम बहुतेक बायकांचे; पहाटे पसरावयाचे, दिवसातून कितीदा परतावयाचे, आणि बाजारात नेईपर्यंत कावळ्यांपासून राखावयाचे. आपल्या गच्चीवर उन्हाळ्यात पापड-कुरडया वाळत असता शेजाऱ्याचे कुत्रे येऊन त्यांवर पाय वर करील, तर आपण काय बोलू हे वाचकांनी मनात आणून पाहावे. तेथे तर वर्षभराच्या बेगमीचा नव्हे, रोजच्या मिळकतीचा प्रश्न असतो. आणि त्यांच्याच अंगणातून नाकास रुमाल लावून, हातात साखळी घेऊन, 'बीच आमचाही आहे' असे बजावीत जाणारे सुशिक्षित गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. मासळी वाळत असेल तेथे कुत्रा नेऊ नये. आम्ही तरी या बाबतीत दुसरा पक्ष ऐकून घेण्यास तयार नाही.

गिरगाव चौपाटी आणि जुहू गर्दीमुळे बाद. तेथे भेळेचे कागद व कणसांची बुरखुंडे खाऊन कुत्रा आजारी पडेल, नाहीतर कोणाच्या मुलास घाबरवील. मालाडजवळच्या आक्शाचा समुद्र फसवा आहे. तेथे माणसे बुडाल्याच्या बातम्या अनेकदा वाचतो, मग कुत्र्यामागे धावणाऱ्या मुलांस तेथे न्यावेच कशाला? गोराई-मनोरीस मचव्यातून जाता येते आणि आडवारी तेथे शांतताही असते. मात्र मासळीचा नियम तेथेही लागू.

आमचे मत अलिबागच्या बाजूस झुकते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारींसह माणसे नेणारी मोठी नौका मार्च २०२० पासून सुरू झाली. तासाभराचा प्रवास असतो. तीवर कुत्र्यास नेता येते, पण त्याचे निराळे तिकीट व बसावयाची जागा यांविषयीचे नियम निघण्यापूर्वी विचारून घ्यावेत. खुश्कीच्या मार्गाने जावयाचे तर १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू आहेच. त्यामुळे रात्री परतणेही पूर्वीइतके त्रासाचे राहिलेले नाही.

मांडव्याहून दक्षिणेस निघाले की सासवने, आवास, किहीम, थळ, वरसोली, अलिबाग, आक्षी आणि नागाव अशी किनाऱ्यांची माळच लागते. त्यांत नागाव टाळावे. यांत्रिक होड्या, घोडागाड्या आणि आरडाओरडा यांनी शहाणा कुत्राही बिथरतो. किहीम चांगले. १९३० च्या सुमारास पक्षितज्ज्ञ सालिम अली तेथे राहून सुगरण पक्ष्यांची घरटी रोज न्याहाळीत बसत आणि त्या बैठकीतूनच त्यांचा प्रसिद्ध अभ्यास उभा राहिला. म्हणजे ज्यास गुपचूप बसता येते त्याला किहीम काही देते. आमची पहिली पसंती मात्र आक्षीस. वाळू घट्ट, सुरूंची सावली, आणि गावात तो जुना शिलालेख, ज्यावरील काल शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असा वाचला जातो व ज्यास काही अभ्यासक मराठीतील सर्वांत जुना लेख मानतात. मुलांस तो अवश्य दाखवावा. कुत्र्यास त्यापासून दूर ठेवावे, हे सांगणे न लगे!

पण किनाऱ्याच्या नावापेक्षा तिथी आणि वेळ यांस महत्त्व अधिक, आणि येथे घरातले पंचांग उपयोगी पडते. कोकणात एक जुना आडाखा आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. शुद्ध असो वा वद्य, हिशेब एकच. अमावास्या पंधरावी धरावी. तृतीयेस सव्वादोन वाजता भरती, तर सुमारे सहा तास मागेपुढे, म्हणजे सव्वाआठ वाजता, ओहोटी. पौर्णिमेस सव्वाअकरा वाजता भरती आणि सायंकाळी सव्वापाचास ओहोटी. दशमीस साडेसातला भरती व भर दुपारी दीड वाजता ओहोटी. आडाखा स्थूल आहे, अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो. तेव्हा अखेरचा निर्णय बंदराच्या भरतीओहोटीच्या कोष्टकावरून करावा. पण घरबसल्या दिवस निवडण्यास एवढे पुरते.

कुत्र्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय? कुत्र्यास आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि त्यावाटे अंगातील उष्णता घालवितो. थोडासा घाम फुटतो तो पंजांच्या तळव्यांना. चैत्रातील दुपारी कोरड्या वाळूवर त्यास चालविणे म्हणजे तापल्या तव्यावर चालविणे. तळहाताची मागची बाजू वाळूवर टेकवावी. पाच-सात पळे नव्हे, नुसते सात अंक मोजेपर्यंतही ती ठेववली नाही, तर कुत्र्याने तेथे पाऊल टाकू नये. चतुर्दशी-पौर्णिमेस दुपारपूर्वीच्या भरतीने किनारा भिजून निघतो आणि पाणी जसजसे मागे हटते तसतशी ओली, थंड, घट्ट वाळू सायंकाळसाठी मोकळी होत जाते. तृतीया-चतुर्थीची सकाळही चांगली, पण अकरा माणसांचे घर मुंबईहून निघून साडेआठास आक्षीस पोहोचेल, यावर आमचा विश्वास नाही. तेव्हा बाईंनी चैत्र शुद्ध चतुर्दशीची सायंकाळ धरावी. पौर्णिमेस हनुमानजयंती, त्या दिवशी घरचे कार्य आणि रस्त्यावरची वर्दळ दोन्ही असतात.

नाक चपटे असलेल्या पग वगैरे जातींच्या कुत्र्यांस धापा टाकूनही पुरेसा थंडावा मिळत नाही. त्यांस आणि म्हाताऱ्या कुत्र्यांस या दिवसांत घरीच ठेवावे, सोबतीस एक माणूस ठेवून. सैबेरियातले केसाळ कुत्रे मुंबईच्या चार खणांत पाळणाऱ्यांस काय म्हणावे हे आम्हांस अद्याप सुचलेले नाही.

सोबत गोडे पाणी भरपूर न्यावे. तहानलेला कुत्रा समुद्राचे पाणी पितो, मग उलट्या व जुलाब होतात, आणि पुष्कळ पोटात गेले तर जिवावर बेतते. दर अर्ध्या घटकेस पातेले पुढे ठेवावे. वाळूत पडलेल्या माशास तोंड लावू देऊ नये. केंड नावाचा फुगीर मासा पुष्कळदा किनाऱ्यावर येऊन पडतो. त्याचे विष शिजविल्यानेही जात नाही. जाळ्यांचे तुकडे, गळाचे आकडे, काचा ही माणसांची देणगी निराळीच. पावसाळ्यात निळ्या फुग्यासारखे दंश करणारे प्राणी मुंबईच्या किनाऱ्यांवर येतात, आणि समुद्रही खवळलेला असतो. ते चार महिने हा बेत मनात आणू नये.

साखळी सोडू नये, हे लिहिताना आम्हांस वाईट वाटते. आमच्या तांबडीने, जी जातीने अस्सल गावठी होती, पहिल्यांदा लाट पाहिली तेव्हा तासभर लाटांवर भुंकून त्यांस परतवून लावले आणि प्रत्येक लाट मागे गेली की आमच्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. असा आनंद लांब दोरीनेही मिळतो. तांबडीच्या गळ्यात ती होतीच. कारण किनाऱ्यावर गावचे कुत्रे असतात, त्यांच्या हद्दी ठरलेल्या असतात, आणि मारामारी झाली की चावे माणसांसही बसतात. रेबीजची लस वेळेवर टोचलेली असावी आणि महापालिकेचा परवाना असावा. परक्या कुत्र्याचे दात वा नखे कोणास लागली तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर उपाय नाही.

दोरीचे दुसरे कारण दिसत नाही म्हणून कोणी मानीत नाही. हिवाळ्यापासून कोकणच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्रकासवी रात्री येऊन वाळूत अंडी घालतात. दिवेआगर, हरिहरेश्वर, वेळास येथे ती जपली जातात आणि पिले उन्हाळ्यापर्यंत बाहेर पडत राहतात. खुद्द वर्सोव्याच्या किनाऱ्यावर मार्च २०१८ मध्ये अशी ऐंशीच्या आसपास पिले समुद्राकडे जाताना दिसली. मोकळा कुत्रा नाकाने हुंगून एका रात्रीत सारे घरटे उकरतो. जेथे घरट्यांभोवती कुंपण दिसेल तेथून कुत्र्यासह सरळ परत फिरावे. थंडीत पाण्याकाठी टिपत बसलेल्या परदेशी पाखरांवर त्यास सोडून उडविण्याचा खेळही नको. दुरून उडत आलेल्या त्या जिवांस तो खेळ वाटत नाही.

राहता राहिले ते, जे सहलीच्या बेतात कोणी उच्चारीत नाही. कुत्रा किनाऱ्यावर जे टाकील ते उचलावे लागते. वाळूत पुरून भागत नाही. पुढची भरती ते वर आणते. जुनी वर्तमानपत्रे आणि एक डबा सोबत असावा. ते उचलणार कोण? घरातील गडी नव्हे, मोटारीचा चालक नव्हे, आणि ज्यांनी पहाटे उठून अकरा माणसांचे डबे भरले त्या सुनाही नव्हेत. 'तो नाही तर आम्हीही नाही' असे म्हणणाऱ्या सत्याग्रहींकडे हे काम निघण्यापूर्वीच सोपवावे, आणि आळीपाळीने वार ठरवून घ्यावे. थोरल्या दिरांनी त्यावर देखरेख ठेवावी. म्हणजे त्यांचाही विरोध कामी येईल.

अलिबागेस वाटेत थांबणे झाले तर कुलाबा किल्ल्यात ओहोटीस चालत जाता येते खरे, पण कुत्र्यास घेऊन जाऊ नये. खडकांवरच्या धारदार शिंपल्यांनी पंजे फाटतात, आणि पाणी चढू लागले की माणसांचीच त्रेधा उडते.

परतताना कुत्र्यास गोड्या पाण्याने धुवावे. कानांत आणि बोटांच्या फटींत मीठ-वाळू राहिली तर खाज सुटते. त्याकरिता दोन घागरी पाणी आक्षीच्या एखाद्या वाडीवाल्याकडे मागावे आणि त्याचे पैसे द्यावेत. सासूबाईंसाठी घडीची खुर्ची सुरूंखाली वाऱ्याच्या वरच्या अंगास मांडावी. ओला कुत्रा अंग झटकतो तेव्हा पाणी फार लांब उडते.