देवाचे गाव कोणते?

तामिळनाडूतील श्रीपुरंतनच्या मंदिरातून चोरीस गेलेली चोळकालीन नटराजमूर्ती ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ साली सुमारे ५० लक्ष डॉलर मोजून विकत घेतली. २०१४ मध्ये ती स्वदेशी परतली, कारण मूर्ती मंदिरात असतानाची छायाचित्रे पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने गावाच्या नावानिशी जपली होती. जगभरच्या संग्रहालयांतील कित्येक संगणकीय नोंदी मात्र 'दक्षिण भारत' एवढ्यावरच थांबतात. हा काय देवाचा पत्ता झाला? नोंदीत मंदिर हवे, गाव हवे, जुना-नवा जिल्हाही हवा. श्रीपुरंतन पूर्वी पेरंबलूर जिल्ह्यात होते, आज अरियलूरमध्ये आहे. गाव ठाऊक नसेल तर रकाना रिकामा ठेवावा. अंदाजाने लिहिलेले नाव शोधकर्त्याला भलत्याच मंदिराच्या दारी नेऊन उभे करते.