सहीचा बाजार

नवे घर उभे राहिले, भिंतींतून तारा ओढून झाल्या, मीटर बसविण्याची वेळ आली, की आमच्या सीमाभागातील साधा गृहस्थ एका विचित्र व्यापाऱ्याच्या दारात जाऊन उभा राहतो. हा व्यापारी स्वतःस परवानाधारक विद्युत कंत्राटदार म्हणवितो. परंतु तो तार विकत नाही, दिवा विकत नाही, काम तर मुळीच करीत नाही. तो विकतो आपली सही! ज्या घराचा उंबरठा त्याने ओलांडलेला नाही, त्याची तपासणी आपण जातीने केली असे तो कागदावर लिहून देतो. सगळेच कंत्राटदार असे नाहीत, हे आम्ही जाणतो. प्रामाणिकांची भाकरी हे सहीविके हिरावून घेतात, म्हणून तर आमचा संताप अधिक.

घरातील तारकाम परवानाधारक कंत्राटदाराकडून व प्रमाणपत्र असलेल्या जाणत्याच्या देखरेखीखाली व्हावे, असे बंधन १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी घातले. ते नियम गेले, २०१० चे आले, आता २०२३ चे आहेत. बंधन कायम आहे. दिवा, पंखा, फ्यूज बदलावयास परवाना नको. परंतु न्हाणीघरात गीझरसाठी नवी लाइन ओढणे म्हणजे दिवा बदलणे नव्हे. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टांवर जवळजवळ ९ अँपिअर प्रवाह खेचतो. तो भार दिव्याच्या बारीक तारेवर लादणारा मिस्त्री स्वस्त पडतो खरा. पण भिंतीच्या आत ती तार तापत राहते, ते कोणास दिसते?

खरी तपासणी फार मोठी नाही. मेगर लावून तारांवर ५०० व्होल्टांचा डी. सी. दाब एक मिनिट द्यावयाचा. तारेच्या आवरणाचा विरोध निदान १ मेगोहम भरला पाहिजे. अर्थिंगची तार जमिनीतील खड्ड्यापर्यंत खरोखर पोचते, की बोर्डामागेच तुटकी लोंबते आहे, ते पाहावयाचे. आमच्याकडे चार महिने भिंती ओल धरतात. अशा घरात अर्थिंग नसेल, तर गीझरच्या पत्र्यात उतरलेला प्रवाह ओल्या पायांच्या माणसातूनच जमिनीची वाट काढतो. ३० मिलिअँपिअरची गळती होताच प्रवाह तोडणारा आर. सी. सी. बी. मिळतो, पण तो ‘उगाच पडतो’ म्हणून आमचेच शहाणे लोक त्याला वळसा घालून तार जोडून घेतात!

फरशीचा रंग निवडण्यासाठी चार दुकाने पालथी घालणारे आपण, हा कागद मात्र ‘घरपोच सही करून आणा’ म्हणतो. शिवाय तो न वाचता अंगठ्याएवढी सही ठोकतो. जेथे भाषिक अल्पसंख्य १५ ते २० टक्के आहेत, तेथे महत्त्वाचे नियम व सूचना त्यांच्या भाषेत प्रसिद्ध व्हाव्यात, हे केंद्र सरकारने १९५६ सालीच मान्य केले होते. प्राणाशी गाठ असलेले हे नियम मराठीतून मागण्याचा आमचा हक्क आहे, आणि तो आम्ही सोडणार नाही. पण मराठीत आलेला कागदही न वाचता सही करणार असू, तर मागावयाचे तरी कोणत्या तोंडाने?

कंत्राटदारास घरी बोलवा. परवान्याची मुदत पाहा. मेगर तुमच्यासमोर लावावयास सांगा आणि आकडा स्वतः वाचा. वीज कंपनीच्या अधिकाऱ्यांना आमचा एकच प्रश्न आहे : एकाच सहीने एका दिवसात किती घरे ‘तपासली’ गेली, हा हिशेब तुमच्याच दप्तरात पडून आहे. तो काढावयास तुम्हांस कोणाचा परवाना लागतो?