शूटरवाल्यांना डोकं नसतं म्हणे!

आम्हा स्ट्रॅटेजीवाल्यांचं एक लाडकं वाक्य आहे: "शूटर काय, कोणीही खेळतं. डोकं लागतं ते आमच्या गेमला." एज ऑफ एम्पायर्स २ (१९९९) वर मी कित्येक रात्री जाळल्यात, त्यामुळे हे वाक्य मीही शंभरदा फेकलंय. आता गिळतोय.

दिवाळीत आखाडा बाळापूरला गेलो होतो. पुतण्या आणि त्याचे तीन मित्र ओट्यावर बीजीएमआय खेळत होते. मी माझं नेहमीचं कीर्तन लावलं. पोरगं मान वर न करता म्हणालं, "काका, तुमचा गेम खेळायला बाळापुरात दुसरा माणूस दाखवा, मंग बोलू."

घ्या! स्पर्धा म्हणजे शेवटी काय हो? तुम्हाला हरवायला किती जण टपलेत, तेवढीच. इथे ओट्यावर बसून एका मॅचमध्ये शंभर जण भिडतात आणि अर्ध्या तासात निकाल. उडी कुठे मारायची, वर्तुळ आवळत आलं की गाडी काढायची की घरात दबा धरायचा, हे डावपेच नाहीत तर काय आहे? फक्त विचाराला दोन सेकंद मिळतात. आमच्याकडे सुरुवातीची पंधरा मिनिटं मेंढ्या मारण्यात आणि लाकडं तोडण्यात जातात. बघणाऱ्याने बघायचं काय, लाकडं?

बरं, हे खूळ उतरेल म्हणावं तर पबजीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, २०२१ मध्ये तोच बीजीएमआय होऊन परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा गायब, मे २०२३ मध्ये पुन्हा हजर. पोरं आपली ओट्यावरच.

आणि "लोकांना डोकं चालवायला नको" हे रडगाणं तर साफ खोटं. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीत कोनेरू हंपीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा बुद्धिबळ न खेळणारेही निकाल बघत होते. बुद्धिबळाहून शुद्ध स्ट्रॅटेजी कुठली? पण तिथे पट आणि सोंगट्या पुरतात, ग्राफिक्स कार्ड लागत नाही. दक्षिण कोरियात स्टारक्राफ्ट (१९९८) टीव्हीवर गाजला, कारण गल्लोगल्ली तासावर पीसी मिळायचे. क्लॅश ऑफ क्लॅन्स (२०१२) फोनवर आला आणि धो धो चालला, तेव्हा नाकं मुरडणारे कोण? आम्हीच. म्हणे ही खरी स्ट्रॅटेजी नव्हे!

असो. पुढच्या खेपेला जुना लॅपटॉप गावी नेऊन ठेवतोय. पुतण्याने एक अट घातलीय: आधी मी त्याच्या स्क्वाडमध्ये चार मॅच खेळायच्या. पहिल्या मॅचमध्ये उडी मारल्यावर चाळीस सेकंदांत मेलो.